जुन्या एफजेला पुढून बोलेरोचं सस्पेन्शन बसवताना

महिंद्राची एफजे ही जुनी मिनीबस ज्यांनी अजून चालती ठेवली आहे, त्यांची तक्रार एकच: पुढून फार हाणते. पुढे अखंड एक्सल आणि पाटे. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही कलतं आणि झटका थेट स्टेअरिंगवर येतो. मोहोळवरून पंढरपूरला घरची वयस्कर माणसं घेऊन जाऊन या, दोन दिवस कंबर धरून बसतील. माझं गॅरेज सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे आणि या गाड्यांवर माझा जीव आहे. म्हणून भंगारातल्या बोलेरोचं कॉइल स्प्रिंगचं, दोन्ही चाकं आपापली हलणारं सस्पेन्शन एफजेला कसं बसवायचं, ते सांगतो.

आधी किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन), शॅकलचे म्हणजे पाट्याच्या टोकाच्या कडीचे बुश आणि पाट्यांमधला गंज बघा. पुष्कळ गाड्यांचं दुखणं एवढ्यावरच बरं होतं, मग चासी कापायची गरज नाही.

दुसरं, कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही त्याच बाजूनं निकाल दिला. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. तेव्हा आरटीओत आधी विचारा, उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर ही गाडी शेतात, आवारातच फिरवायची, रस्त्यावर आणायची नाही. आपल्या गाडीचा चासी नंबर कुठे पंच केलाय ते शोधून ठेवा, तिथे ग्राइंडर लागता कामा नये. भंगारातल्या गाडीचीही नोंदणी रद्द झाल्याचे कागद घ्या.

आता वजन. मार्केट यार्डाजवळच्या काट्यावर कांद्याच्या गाड्यांची रांग नसेल तेव्हा जा. गाडी भरा, माणसं बसवा आणि फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. बोलेरोत माणसं पुढच्या चाकांच्या मागे बसतात, एफजेत इंजिन आणि ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवरच. हा भार बोलेरोच्या पुढच्या एक्सलच्या मर्यादेपेक्षा जास्त भरला तर इथेच थांबा. स्प्रिंग कडक मिळते. १२ मिमीऐवजी १३ मिमी तार घेतली तर ती साधारण ३८ टक्के कडक होते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. पण चाकाचे सांधे म्हणजे बॉल जॉइंट आणि चाक ज्यावर बसतं त्या हबचं बेअरिंग यांची ताकद वाढवता येत नाही.

भंगारवाला आर्म (चाकाला चासीशी जोडणारे दांडे) वेगळे, नकल (चाकासोबत वळणारा भाग) वेगळा, स्टेअरिंग वेगळं द्यायला तयार असतो. तसं घेऊ नका. बोलेरोची चासी पुढून अख्खी कापून आणा: क्रॉस मेंबर (चासीची आडवी तुळई), दोन्ही बाजूंचे अप्पर-लोअर आर्म, स्प्रिंगचे टॉवर, स्टेअरिंगची सगळी जोडणी, सगळं एकत्र. आर्म कुठे टेकलाय, चाक वळवणारा टाय रॉड कोणत्या उंचीवर आहे, यावर चाक वर-खाली होताना सरळ राहणार की वळणार ते ठरतं. कारखान्यानं बसवलेली ही मापं आपल्याला पुन्हा जुळवता येत नाहीत. म्हणूनच ट्रॅक, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, रुंद वाटला तरी क्रॉस मेंबर मधून कापून अरुंद करायचा नाही. चाक मडगार्डला घासत असेल तर वेगळ्या ऑफसेटचं, म्हणजे चाक आत बसवणारं, रिम शोधा. स्पेसर लावू नका.

कापण्याआधी बोलेरोच्या चासीचा जमिनीशी कोन मोजून लिहून ठेवा. नवा भाग एक अंश पुढे-मागे कलला की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, तेवढाच बदलतो, आणि कॅस्टर गेला की हायवेवर गाडी हातात राहत नाही.

माझ्याकडे शहाबादी फरशी आहे, ती वरून सपाट दिसते पण असते असं नाही. पाण्याच्या नळीनं चारही स्टँड एका पातळीत घ्या. मग गवंड्याचा ओळंबा चासीच्या ठरावीक भोकांतून सोडा आणि टोक जिथे टेकतं तिथे खडूनं फुली मारा. मागच्या एक्सलच्या दोन्ही फुल्यांपासून पुढच्या फुल्यांपर्यंत कर्ण मोजा. दोन्ही कर्ण जुळेपर्यंत नुसते टाके मारायचे, पूर्ण वेल्डिंग नाही.

चॅनेल आडवं सरळ कापून टोकाला टोक जोडू नका. तिरका काप घ्या, बाहेरून तेवढ्याच जाडीची, टोकं निमुळती केलेली पट्टी लावा आणि आतून बॉक्स करा. सुकवलेला ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड वापरा. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं वेल्डिंग करत जा, नाहीतर उष्णतेनं चासी ओढली जाते. आर्म, नकल आणि स्टेअरिंगच्या भागांना वेल्डिंगची ठिणगीसुद्धा नको.

एफजेचा स्टेअरिंग रॉड जवळजवळ उभा असतो, त्यामुळे मध्ये युनिव्हर्सल जॉइंट आणि आधाराचं बेअरिंग लागेल. इंजिनाचा चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) क्रॉस मेंबरला लागतोय का, तेही याच वेळी बघा. पुढे डिस्क ब्रेक आले तर ब्रेकचा मास्टर सिलिंडरही त्याला जुळणारा हवा. जुन्या ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर तो काढा, नाहीतर पॅड सतत घासत राहतील.

मग सगळ्यात महत्त्वाची तपासणी. स्प्रिंग आणि शॉकअप काढून ठेवा. स्टेअरिंग सरळ बांधा. हबला सरळ फळी आवळा आणि लोअर आर्मखाली जॅक लावून चाक बसल्या जागेपासून ५० मिमी वर, ५० मिमी खाली न्या. दर १० मिमीला फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं, चासीलगत ताणलेल्या दोरीपासूनचं अंतर लिहा. दोन्हींतला फरक १-२ मिमीत राहिला तर काम झालं. त्याहून जास्त आला तर टाय रॉडची उंची चुकली आहे. ती दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ नका, अलाइनमेंटवाल्यालाही ते सुधारता येणार नाही.

आर्मच्या रबर बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून, वजन पडल्यावरच शेवटचे आवळा. लटकत्या आर्मवर आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट जुने नकोत, जिथे १०.९ ग्रेडचा (मजबुतीचा आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो) निघाला तिथे १०.९ च घाला.

अलाइनमेंट झाली की पहिल्यांदा मोकळी गाडी हळू चालवा, विजापूर रोडचा वेग नंतर. १०० किलोमीटरला आणि ५०० किलोमीटरला सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं तपासा, आणि प्रत्येक नटापासून चासीवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की तो नट हलला आहे.