कोरड्या माळावर होडी: अनेक फोटो जोडून एक गोष्ट कशी सांगावी

कापाकापी जमली की कंपोझिट (म्हणजे अनेक फोटो जोडून केलेलं एक चित्र) जमलं, असं शिकवणारे व्हिडिओ बघत असाल तर आधी ते बंद करा. केसांची बटन्‌बट सोडवलेली माणसंसुद्धा बॅकग्राउंडवर चिकटवल्यासारखी दिसतात. मग बघणारा गोष्ट सोडून जोड शोधत बसतो.

गोष्ट एका वाक्यात लिहून काढा. उदाहरणार्थ, 'एक माणूस कोरड्या माळावर होडी वल्हवतोय.' अशक्य बाब एकच ठेवा. होडी आहे ना, मग आकाशात मासे आणि दोन चंद्र नकोत. वल्ह्याचं टोक मात्र ओलं दाखवा, खाली मातीवर चार थेंबांचे डाग. पाणी कुठून आलं, हा प्रश्न पडला की पुढची गोष्ट बघणारा स्वतःच रचतो.

आधी माळाचा फोटो, मग त्याला जुळणारी होडी आणि माणूस. कॅमेऱ्याची उंची तीच, फोकल लेंथ (लेन्स दृश्य किती जवळ ओढते ते) जवळपास तीच, ऊन त्याच बाजूचं. कमरेच्या उंचीवरून टिपलेल्या माळावर गच्चीवरून टिपलेली होडी बसत नाही, कितीही ओढाताण करा. हेन्री पीच रॉबिन्सन या ब्रिटिश छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं, तेही आधी कागदावर रेखाटन करून. आपल्याला अन्‌डू मिळालं म्हणून आपण ही पायरी गाळतो.

सिलेक्शन करा (हवा तो भाग निवडा), लेअर मास्क लावा, म्हणजे त्या लेअरचा, थराचा, नको तो भाग न पुसता झाकणारा पडदा. इरेझरला हात लावू नका. फोटो एडिट करायला फोटोशॉप असो की फुकटचं गिंप, नियम तोच.

आता सावली. मला सगळ्यात जास्त छळलं ते हिनेच. 'ड्रॉप शॅडो' नावाचं बटण विसरून जा. ते अक्षरांसाठी ठीक आहे, त्याने होडी जमिनीवर टेकत नाही, तरंगते.

सावल्या दोन असतात असं धरून चाला. पहिली टेकल्याची. होडीचा तळ मातीला जिथे लागतो तिथे एक बारीक, जवळजवळ काळी रेघ असते. नवा लेअर, मल्टिप्लाय मोड (खालचं गडद करणारा), लहान ब्रश. ढगाळ हवेतही ही रेघ लागतेच आणि नेमकी हीच लोक विसरतात.

दुसरी उन्हाच्या उलट बाजूला पडणारी. ही रंगवू नका, जमीनच गडद करा: कर्व्हज लेअर (उजेड कमी-जास्त करणारा थर) घेऊन चित्र गडद करा, मास्क पूर्ण काळा करा आणि सावलीच्या जागी पांढऱ्या ब्रशने उघडा. म्हणजे खालचं गवत, खडे जसेच्या तसे दिसत राहतात. कड होडीजवळ तीक्ष्ण, लांब जाईल तशी मऊ. सगळीकडे सारखा ब्लर मारलात तर खोटेपणा तिथेच उघडा पडतो. आणि मोकळ्या आकाशाखालची सावली करडी नसते, निळसर असते, म्हणून त्याच कर्व्हज लेअरमध्ये ब्लू चॅनल (निळ्या रंगाचा हिस्सा) किंचित उचला. किती? त्याच फोटोतल्या एखाद्या दगडाची सावली बघा आणि तिच्याशी जुळेपर्यंत थांबू नका. खळग्यावरून जाताना सावलीही वाकते, तेवढं मास्कमध्ये हाताने करा.

एवढं करूनही होडी वेगळी उठून दिसली तर तिचा काळा रंग तपासा. लांबच्या वस्तूंचा काळा हवेमुळे धुरकट होतो. होडीतला सर्वांत गडद भाग तितक्याच अंतरावरच्या झुडपाइतका फिका करा. रंग डोळ्यांना फसवतात, म्हणून जुळवताना सगळ्यांच्या वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेअर ठेवा. चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटूनही एकदा पाहा.

शेवटी सगळ्यांवर मिळून एकच रंगछटा आणि एकच ग्रेन (फोटोतला बारीक दाणा). ग्रेन आधी टाकू नका. नंतर होडी लहान-मोठी केली की तिचा दाणा माळाच्या दाण्याशी जुळत नाही.

फाइल लेअरसकट जपून ठेवा. होडी थोडी डावीकडे हवी होती असं उद्या वाटणारच, आणि तेव्हा दोन्ही सावल्या नव्याने बसवाव्या लागतील.