क्लॅरिनेटमधील नकोशा झणझणीचा शोध

तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून आपण जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणझण, मुद्दाम मिळवतो. क्लॅरिनेट या फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्यातील झणझण मात्र आगंतुक असते, आणि ती नेमकी कोठून येते हे वादकाला केवळ कानाने ठरवता येत नाही, कारण तोंडात धरायच्या टोकावर, म्हणजे माउथपीसवर, टेकलेल्या दातांमधून कंपने थेट डोक्यात पोहोचतात. म्हणून प्रथम स्क्रू आवळण्याचा मोह टाळावा.

आधी खोली बदलून पाहावी. कपाटाची काच, नोटेशनचा स्टँड, साइड ड्रमच्या खालच्या तारा, इतकेच नव्हे तर चष्म्याची सैल दांडीही ठरावीक स्वराला साथ देते. त्यानंतर रीड (माउथपीसवरची कंप पावणारी पातळ पट्टी) बदलावी, लिगेचरचे (रीड घट्ट धरणाऱ्या पट्ट्याचे) स्क्रू तपासावेत आणि माउथपीसवर चिकटवलेली रबरी पट्टी कडेला सुटली आहे का ते पाहावे.

एवढे करूनही आवाज राहिला, तर सर्वांत खालच्या 'ई'पासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर जात प्रत्येक स्वर चार-पाच सेकंद, आधी हळू आणि मग जोरात, धरावा व दोष कोणत्या स्वरावर उमटतो ते लिहून ठेवावे. पाण्याची बुडबुड ऐकू आली, तर त्या स्वराच्या छिद्रात ओल साचलेली असते. पॅडखाली (छिद्र झाकणाऱ्या चावीच्या मऊ गादीखाली) सिगारेटचा पातळ कागद ठेवून चावी हलकेच दाबली की ती टिपली जाते. धातूची झणझण एखाद्याच स्वरावर येत असेल, तर त्या कंपनसंख्येला थरथरणारा एखादा भाग सैल आहे असे समजावे. तो भाग त्या स्वरासाठी दाबलेल्या चावीचाच असेल असे नाही, आणि बहुतेकांची शोधाशोध येथेच चुकते.

आता स्वर धरून ठेवावा आणि सहकाऱ्याने प्रत्येक चावी, दांडी, कडे आणि अंगठ्याचा आधार यांना बोटाने अलगद स्पर्श करावा. जेथे स्पर्श होताच आवाज थांबतो, तेथेच दोष असतो. एकट्यानेही हे साधते, कारण मोकळ्या 'जी'ला एकही छिद्र झाकावे लागत नाही आणि डाव्या हाताच्या स्वरांना उजव्या हाताची बोटे मोकळी राहतात.

सापडणारी कारणे बहुधा साधी असतात. चावीखालचा बुचाचा तुकडा गळून पडल्याने धातू लाकडावर आपटतो, किंवा पॅडवरील पातळ पापुद्रा फाटून फडफडतो. कोरड्या हवेत लाकूड आकसल्याने बॅरलचे (माउथपीसखालच्या आखूड नळीचे) अथवा बेलचे (खालच्या रुंद तोंडाचे) धातूचे कडे सैल होते. ते काढून आत कागदाची पट्टी घालून पुन्हा बसवल्यास तात्पुरते भागते. चावीचा टोकदार स्क्रू एका वेळी फार थोडा फिरवावा, कारण तो अधिक आवळल्यास चावी परत उठत नाही. लांब दांडीच्या सांध्यात तेलाचा एक थेंब सोडल्यावर आवाज थांबून काही दिवसांनी पुन्हा आला, तर सांधा झिजलेला आहे आणि ते काम कारागिराचे आहे.

शेवटी वरच्या भागाचे लाकूड उजेडात तिरके धरून पाहावे. लाकडाच्या रेषेत केसासारखी चीर दिसली आणि ती छिद्रापर्यंत पोहोचलेली असली, तर वाद्य त्याच क्षणी वाजवणे थांबवावे, आणि चिरेला तेल लावू नये, कारण तेलकट लाकडाला डिंक नीट धरत नाही.