वेबसाइट सोपी करताय? निदान या चुका तरी टाळा

छोट्या व्यवसायाच्या साइटवर येणारा माणूस साइट बघायला आलेला नसतो. त्याला फोन नंबर हवा असतो, आज चालू आहात का ते बघायचं असतं, अमुक काम तुम्ही करता का आणि साधारण किती पैसे लागतील एवढंच जाणून घ्यायचं असतं. हे मिळालं की तो निघून जातो, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण साइट सोपी करा म्हटलं की मालक मंडळी आधी थीम बदलतात, मग रंग. फोन नंबर मात्र जागचा हलत नाही: तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत.

त्याच त्या चुका निस्तरून कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितोय.

एका रात्रीत पानं उडवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा सविस्तर.

दुरुस्ती-देखभालीची कामं करणारा एक व्यवसाय. साइटवर बरीच पानं होती आणि त्यातली निम्मी खरोखरच बिनकामाची होती. एकपानी साइट चांगली असते असं मालकांच्या कानावर आलं. त्यांनी सर्च कन्सोल (गूगल शोधातून कोणत्या पानावर किती क्लिक आले ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडलं, ज्या पानांवर क्लिक नव्हते ती उडवली आणि उरलेला मजकूर एका लांबलचक पानात ओतला. साइट दिसायला छान झाली, चार जणांनी कौतुकही केलं. पुढे उन्हाळा तोंडावर आला आणि दरवर्षी एसी सर्व्हिसिंगसाठी खणखणणारा फोन गप्प. माझ्याकडे आले ते ‘गूगलने आम्हाला खाली ढकललं’ ही तक्रार घेऊन.

गूगलने काहीच केलं नव्हतं. सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स अहवाल उघडला की आधी फक्त गेल्या 3 महिन्यांचे आकडे दिसतात. भर थंडीत एसीचं पान कोण शोधणार? तिथे शून्य दिसलं, म्हणून पान गेलं. तीच तारीख 16 महिने मागे नेता येते. नेऊन दाखवली, तर साइटवरचं सगळ्यात चालतं पान तेच निघालं.

त्यावर कडी म्हणजे घरच्या घरी केलेला उपाय. 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ हा संदेश, दिसू नये म्हणून सगळे जुने पत्ते सरसकट होमपेजवर वळवले होते. गूगल अशा वळवण्याला बहुतेक वेळा सॉफ्ट 404 धरतं, म्हणजे पान नाही असंच समजतं. त्यामुळे फायदा शून्य. आणि माणसाचं काय? त्याने एसीवर बोट ठेवलं आणि समोर आलं ‘आमच्या कार्याची वाटचाल’. तो थांबेल कशाला?

माझी सवय अशी: काहीही उडवण्याआधी शीटमध्ये तीन रकाने करायचे. जुना पत्ता, 16 महिन्यांतले क्लिक, आणि इथे येणारा माणूस आता कुठे जाणार. क्लिकही नाहीत आणि तिसरा रकानाही भरता येत नाही, असंच पान जातं. बाकीची त्या त्या विषयाच्या पानात मिसळायची आणि जुन्या पत्त्यावरून तिथे 301 रीडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण, लावायचं. हे रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी ते काढतच नाही. छापलेल्या क्यूआर कोडवर आणि जुन्या मेसेजांत तेच पत्ते वर्षानुवर्षं फिरत असतात.

काम कंटाळवाणं आहे, एक दुपार जाते. नवशिक्यांना नेमकी हीच दुपार वाचवायची असते आणि मग पुढचे कित्येक महिने ते ‘ट्रॅफिक का पडलं’ विचारत फिरतात.

फॉर्म भरला जातो, मेल येत नाही

चौकशीचा फॉर्म असा प्रकार आहे की तो बंद पडला तरी कळत नाही. भरणाऱ्याला हिरव्या अक्षरांत ‘धन्यवाद, लवकरच संपर्क करू’ दिसतं आणि मालक म्हणतात, हल्ली चौकश्याच कमी झाल्यात.

बहुतेक वेळा दुखणं एकच निघतं. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘फ्रॉम’च्या जागी भरणाऱ्याचाच ईमेल टाकलेला असतो. म्हणजे मेलवर पत्ता जीमेलचा, पण तो निघतोय तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून. घेणारा सर्व्हर एसपीएफ आणि डीमार्क (या पत्त्याच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे का, ते सांगणाऱ्या नोंदी) तपासतो, त्याला पत्ता आणि सर्व्हर यांचा मेळ लागत नाही, आणि मेल स्पॅममध्ये जातो किंवा वाटेतच गळतो. ‘फ्रॉम’मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता द्या, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये टाका आणि मेल लॉगिन असलेल्या एसएमटीपीतून (मेल पाठवायच्या सर्व्हरमधून) पाठवा. शिवाय प्रत्येक चौकशीची प्रत साइटच्या डेटाबेसमध्ये साठेल असं बघा, म्हणजे मेल हरवला तरी माणूस हरवत नाही.

महिन्यातून एकदा मी फोनवरून स्वतः फॉर्म भरून बघतो, मेल इनबॉक्समध्ये दिसेपर्यंत. कोणी हसलं तर हसू देत.

आणि रकाने? नाव, फोन, काय काम आहे. बास. ‘आमच्याबद्दल कुठे ऐकलंत’ ही तुमची उत्सुकता झाली, त्यात ग्राहकाचं काही काम नाही.

सरकणारा स्लायडर

पाच फोटो, पाच घोषवाक्यं, वाचायला घेतलं की पुढे सरकणार. मालकांमध्ये एकमत होत नाही तेव्हा सगळ्यांचं समाधान करायला स्लायडर लावतात, असं माझं मत झालंय. काढून टाका. एक फोटो, एका ओळीत तुम्ही काय करता ते, आणि खाली फोन करायचं बटण.

तो एक फोटोही फोनमधून काढला तसाच चढवू नका. चार हजार पिक्सेल रुंद आणि काही एमबींची फाइल मोबाइलच्या पडद्यासाठी कशाला? रुंदी 1600 पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये करा. पानावरचा सगळ्यात मोठा भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा निकष आहे, आणि तो मोठा भाग बहुधा हाच फोटो असतो. ‘साइट फास्ट करा’वाली प्लगइनं (साइटला जोडायची तयार सॉफ्टवेअरं) कधीकधी या सर्वात वरच्या फोटोलाही लेझी लोड (पडद्यावर यायची वेळ झाली की मगच फोटो उतरवणं) लावतात, मग तो उलट उशिरा येतो. वरच्या फोटोचं लेझी लोड बंद, खालच्यांचं चालू. एक प्लगइन टाकून पाच मिनिटांत वेग वाढवणाऱ्यांनी हे एकदा तपासावं.

बारीकसारीक, पण रोज दिसणारं

वेळ आणि फोन नंबर फोटोत लिहून टाकणं. फोटोतल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही आणि स्क्रीन रीडरला (अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो दिसतही नाही.

दरपत्रक पीडीएफमध्ये देणं. मोबाइलवर चिमटीने मोठं करत कोण वाचत बसेल? साधा तक्ता पानावरच द्या.

मेनूत ‘सोल्युशन्स’. कसली?

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. मजकूर आणि पार्श्वभूमीत निदान 4.5 ला 1 एवढा फरक हवा; ते मोजून देणारी फुकट साधनं आहेत.

साइट उघडताच तोंडावर येणारा पॉप-अप. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या असल्या पडद्यांना गूगल जानेवारी 2017 पासून शोधात मागे टाकू शकतं. माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून वैतागलेली आहेत.

नको असलेली प्लगइनं नुसती डीॲक्टिव्हेट करून ठेवणं. फाइली सर्व्हरवर तशाच राहतात, त्यातल्या फटींसकट. डिलीट करा.

‘बदल केला, पण दिसतच नाही’

हे ऐकलं की मी पहिला प्रश्न कॅशेचा, म्हणजे पानाच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा, विचारतो. ब्राउझरची कॅशे, कॅशिंग प्लगइनची, होस्टिंगची आणि सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) असेल तर त्याची, असे थरावर थर असतात. सर्व्हरच्या बाजूचे थर आधी रिकामे करा, मग फोनवर वायफाय बंद करून खाजगी विंडोत साइट उघडा. ग्राहक जवळपास अशीच बघतो. अधीर माणूस मात्र दहा सेकंद थांबत नाही. तोच बदल पुन्हा करतो, वेगळ्या पद्धतीने अजून एकदा करतो, आणि कॅशे निघाली की पानावर तीन फोन बटणं एकाखाली एक दिसतात. असं झालं असेल तर हाताने खोडत बसू नका. साइट वर्डप्रेसवर असेल तर त्या पानाच्या रिव्हिजन्स, म्हणजे साठवलेल्या जुन्या आवृत्त्या, उघडा आणि पहिल्या बदलानंतरची आवृत्ती परत आणा.