ट्रेल रनिंग सुरू करायचंय? आधी मनगटाकडे बघणं बंद करा

ट्रेलवर, म्हणजे डोंगर-रानातल्या कच्च्या वाटेवर, मी पहिल्यांदा आपटलो तो काही अवघड घसाऱ्यावर वगैरे नाही, अगदी शेवटच्या सपाट पायवाटेवर. पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) किती आला म्हणून घड्याळात डोकावलो आणि तेवढ्यात बूट झाडाच्या एका मुळात अडकला. दोन्ही तळहात सोलवटले, गुडघ्यात बारीक खडे रुतले आणि घड्याळ मात्र टुणकन वाजून किलोमीटर पूर्ण झाल्याचं सांगत होतं! त्यामुळे रोडवरून ट्रेलकडे येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, पेस विसरा.

१. अंतर नाही, वेळ ठरवा. रोडवर १० किमी तासाभरात मारणाऱ्याला चढउताराच्या वाटेवर तेवढ्यालाच दीड-दोन तास लागू शकतात, त्यात लाजायचं काही नाही. अंदाजासाठी ट्रेल रेसवाल्यांचा हिशोब सोपा आहे, १०० मीटर चढ म्हणजे सपाटीचा १ किमी. म्हणजे वाट ८ किमीची आणि एकूण चढ ४०० मीटर असेल तर मनात १२ किमी धरा, वर चिखल आणि दगडधोंडे आहेतच, ते या हिशोबात येत नाहीत. पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं, सोपी वाट, बास.

२. शूज. सुरुवातीला कोरड्या, सोप्या वाटेवर रोडचे शूज चालून जातात. नंतर घ्याल तेव्हा सोलखालचे दात बघा, कडक जमिनीला ३-४ मिमी पुरतात, चिखलात ५-६ मिमी लागतात. ओल्या शेवाळलेल्या खडकावर मात्र कितीही महागडा शूज असू दे, तिथे गपचूप चालायचं. बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा आणि नखं कापून जा, नाहीतर उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात (माझी दोनदा पडलीयेत).

३. चढावर चाला. हो, चाला. तीव्र चढावर भले भले रनर पण हात मांड्यांवर टेकवून झपाझप चालतात, कारण तिथे धावून वेग फारसा वाढत नाही, दम मात्र लागतो. साधी टेस्ट म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर चालायला लागा.

४. उतार शिका, खरी मजा इथेच आहे. घाबरलं की आपण मागे झुकतो आणि टाच पुढे रोवतो, आणि नेमकं त्यानेच पाय सटकतो. उलट करायचं, अंग किंचित पुढे, गुडघे सैल, पावलं एकदम छोटी आणि पटापट, हात कोंबडीच्या पंखांसारखे बाहेर पसरलेले, कसे का दिसेनात. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे ठेवा, डोळ्यांनी आधी बघितलेला दगड पायाला नंतर बरोबर सापडतो. एखादा छोटा उतार निवडून त्याच्यावरच पाच-सहा वेळा वर-खाली करा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कधीतरी एकदम ताल लागतो, डावा दगडावर, उजवा मातीवर, ते मूळ चुकव, आणि ऑफिस, फोन, उद्याची मीटिंग काही म्हणजे काही डोक्यात राहत नाही कारण जागाच नसते! रोडवर मला हे कधी मिळालं नाही, तिथे मी धावता धावता मेल लिहायचो मनातल्या मनात.

५. सोबत काय. कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजता परत येणार हे घरी कुणालातरी सांगून निघा, बाकी सगळं यानंतर. पाणी, थोडं खाणं, ऑफलाइन मॅप (दाट झाडीत जीपीएस भरकटतं, तेव्हा खुणा पण लक्षात ठेवा), पातळ जॅकेट, आणि संध्याकाळ असेल तर हेडलॅम्प. एक शिट्टी ठेवाच. मदत हवी असेल तर मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा, डोंगरात मदत मागायची ही ओळखीची खूण आहे. अर्धं पाणी संपायच्या आत परत फिरायचं, पुढचा पॉइंट कितीही जवळ दिसत असला तरी. आणि घोटा मुरगळला तर त्या दिवशीचं धावणं तिथेच संपलं असं समजा, "थोडं सैल होईल" म्हणत पुढचे पाच किमी ओढू नका.

६. दुसरा दिवस. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, त्यामुळे खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला बरंच कमी दुखतं, म्हणून उतार हळूहळू वाढवत न्या. तोवर जिना कठडा धरून, एकेक पायरी, आडवं होऊन उतरायचा. घरचे हसतात, हसू दे.