वायफायचा दर घसरतो तेव्हा

सिग्नल चांगला, तरी वेग रखडलेला? आधी अ‍ॅक्सेस पॉइंटवर (वायफाय पुरवणाऱ्या यंत्रावर) त्या उपकरणाचा सिग्नल, डेटा पाठवण्याचा दर आणि फेरप्रयत्न, म्हणजे पुन्हा पाठवाव्या लागलेल्या फ्रेम (डेटाचे तुकडे), एकत्र पाहा. सिग्नल उणे ८० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक; शून्याकडे जाईल तितका जोरदार) असेल तर अंतर किंवा भिंत कारणीभूत. पॉइंट जवळ आणा. उणे ५५ असूनही दर खाली आणि फेरप्रयत्न भरपूर, तर बहुधा चॅनेलवर (वायफायच्या लहरींच्या पट्ट्यावर) इतर उपकरणांची गर्दी आहे. उत्तर न आलेली फ्रेम दुसऱ्या फ्रेमशी टकरीत गेली की कमजोर सिग्नलमुळे, हे दर ठरवणाऱ्या बऱ्याच अल्गोरिदमना कळत नाही. ते दर उतरवतात, फ्रेम हवेत जास्त वेळ राहते, टकरी आणखी वाढतात. अशा वेळी २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ पैकी मोकळा चॅनेल घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

मग १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने दर बंद करून किमान मूलभूत दर (जो प्रत्येक उपकरणाला जमलाच पाहिजे) १२ करा. दूरची उपकरणे तुटू लागली तर ६. फायदा मोठा आहे: ३०० बाइटचा बीकन (अ‍ॅक्सेस पॉइंट आपली ओळख सांगत सतत पाठवतो ती फ्रेम) १ एमबीपीएसवर सुमारे २.६ मिलिसेकंद खातो, १२ वर जेमतेम पाव मिलिसेकंद. फक्त ८०२.११बी (वायफायचे जुने मानक) जाणणारे जुने बारकोड स्कॅनर मात्र जोडले जाणार नाहीत, ते आधी तपासा.

दर एका आकड्यावर कायम बांधू नका. दार बंद झाले तरी सिग्नल बदलतो.