लिंगनिवडीविरुद्धच्या मोहिमेचा मजकूर कसा लिहावा

मोहिमेचे पत्रक लिहायला बसणारा कार्यकर्ता बहुधा घोषणेपासून सुरुवात करतो आणि यमक जुळले की मजकूर झाला असे समजतो. घोषणा खरे तर सर्वांत शेवटी लिहावी. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे स्वतःपुरती लिहून ठेवावीत: हा मजकूर दोष कोणाला देतो, आणि काम कोणाला सांगतो? गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रात गेली चाळीस वर्षे लिहिले आणि बोलले जात आहे. त्यातल्या चांगल्या आणि फसलेल्या मजकुरांवर नजर टाकली, तर हे दोन प्रश्न टाळल्याने काय होते ते स्पष्ट दिसते.

आधी विरोधी बाजूची भाषा वाचावी. १९८०च्या दशकात गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती उघडपणे लागत असत. ‘आज ५०० रुपये खर्च करा, उद्याचे पाच लाख वाचवा’ अशा आशयाची त्यातली एक जाहिरात पुढे कुप्रसिद्ध झाली. मजकूर म्हणून मात्र ती कमालीची चोख होती, हे मान्य करावे लागते. तिच्यात हुंडा हा शब्द नाही, मुलगी हा शब्दही नाही; तरीही वाचणाऱ्या बापाला आपल्या मनातली भीती कोणीतरी ओळखली आहे असे वाटे, आणि पुढे काय करायचे तेही लगेच कळे. तिच्या विरोधात ‘मुलगी वाचवा, देश वाचवा’ असे लिहिणारा आधीच हरलेला असतो, कारण देश वाचवण्यासाठी उद्या सकाळी नेमके काय करायचे हे त्या ओळीतून कोणालाच समजत नाही. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम या चाचण्यांवर बंधने घालणारा कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. जाहिराती बंद झाल्या. हुंड्याची भीती आहे तिथेच राहिली. म्हणून पत्रकात त्या भीतीचा उल्लेख थेट करावा, ती मूर्खपणाची आहे असे हिणवू नये.

दुसरी पायरी मूळ संज्ञेची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ तिच्यावर घालवावा. मराठीत ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द इतका रुळला आहे की तो वापरताना कोणी थांबत नाही. पण हत्या म्हटले की मारणारा हवा, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिली येते ती गर्भवती बाई. ‘आई, मला मारू नकोस’ असे गर्भ बोलत असल्याचे फलक याच शब्दातून जन्मले. प्रत्यक्षात कायद्याचा रोख चाचणी करणाऱ्यावर आणि करवून घेणाऱ्यांवर आहे. गर्भवतीवर पती किंवा नातेवाइकांचा दबाव होता, असे न्यायालयाने विरुद्ध पुरावा नसल्यास गृहीत धरायचे असते. म्हणजे कायदा जिला दबावाखालची मानतो, तिलाच आपला फलक खुनी ठरवतो. दुसरा तोटा असा की, १९७१च्या कायद्याने ठरवून दिलेल्या अटींत गर्भपात वैध असूनही हत्या या शब्दाची सावली त्याच्यावर पडते आणि अन्य कारणाने गर्भपाताची गरज असलेली स्त्री दवाखान्याची पायरी चढायला कचरते. ‘लिंगनिवड’ आणि ‘गर्भलिंगनिदान’ हे शब्द कोरडे आहेत हे खरे. तरी ते बोट योग्य ठिकाणी ठेवतात. कोरडेपणा पुढच्या वाक्यात भरून काढता येतो, चुकीच्या दिशेला गेलेले बोट मागे घेता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे समोरच्याचे गृहीतक उसने घेऊन त्यावर कोटी करू नये. ‘मुलगा वंशाचा दिवा, तर मुलगी पणती’ ही ओळ आपण सगळ्यांनी भिंतींवर वाचली आहे. ती गोड आहे, पण घराला वंशासाठी दिवा हवाच, हे ती आधीच कबूल करून बसते. ‘मुली नसतील तर सुना कुठून आणाल?’ हा प्रश्न याहून वाईट, कारण तो मुलीचे मोल ती कोणाच्या तरी घरी कामाला येईल यावरून ठरवतो. जिजाऊ, सावित्रीबाई आणि अंतराळवीर यांची चित्रे एका ओळीत लावणाऱ्या फलकाचा हेतू चांगला असतो. मात्र जी मुलगी पुढे मोठे काहीच करणार नाही तिलाही जन्माचा तितकाच अधिकार आहे, हे त्या फलकात कुठेच येत नाही.

आकडे वापरायचे तर ते नीट समजून वापरावेत. शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११च्या जनगणनेत त्या ८९४ झाल्या. यावरून ‘हजारात १०६ मुली गायब’ असे लिहिण्याचा मोह होतो आणि तिथेच चूक होते, कारण निसर्गतः मुलगे थोडे अधिक जन्मतात आणि कोणताही हस्तक्षेप नसताना दर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. तुलना ९५०शी करावी. तूट कमी दिसेल, पण गावातल्या एखाद्या डॉक्टरने किंवा शिक्षकाने सभेत प्रश्न विचारला तर मोहीम तोंडघशी पडणार नाही. जळगाव जिल्ह्यातून पुढे आलेल्या गुड्डा-गुड्डी फलकाप्रमाणे महिन्याच्या जन्मांची नोंद चावडीवर लावणे उत्तम; फक्त एका महिन्यात २० जन्मांपैकी १२ मुलगे आणि ८ मुली निघाल्या, तर प्रमाण ६६७ येते म्हणून गावाला गुन्हेगार ठरवू नये. इतक्या लहान संख्येत असा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. वर्षावर्षांचा कल दिसू लागला की मग बोलावे.

आता कृतीकडे. एका पत्रकात एकच काम सांगावे आणि ते वाचणाऱ्याच्या आवाक्यातले असावे. सासूसाठीचे पत्रक वेगळे, नवऱ्यासाठीचे वेगळे, शेजाऱ्यासाठीचे आणखी वेगळे. सासूशी आदराने ‘तुम्ही’ म्हणून बोलावे आणि तिच्या हातात खरोखर असलेली गोष्ट मागावी: डोहाळजेवणात ‘पेढा की बर्फी’चा खेळ नको, आणि नात झाली तर पेढेच वाटा. हे क्षुल्लक वाटेल. पण सुनेला घरात काय अपेक्षित आहे ते भाषणांतून कळत नाही, अशाच चिमुकल्या चेष्टांतून कळते, आणि ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ या आशीर्वादाइतका परिणामकारक प्रचार आपल्यापैकी कोणी आजवर लिहिलेला नाही. शेजाऱ्यासाठीच्या पत्रकात तक्रार कुठे करायची ते पद आणि पत्त्यासह लिहावे. कायद्याने त्यासाठी समुचित प्राधिकारी नेमलेले असतात, जिल्ह्यात सहसा जिल्हा शल्यचिकित्सक. ‘जागरूक राहा’ एवढेच लिहून सोडून देऊ नये.

कधीकधी मजकुरापेक्षा एखादा विधी जास्त बोलतो. सातारा जिल्ह्यात अनेक मुलींचे नाव नकुशा, म्हणजे नको असलेली, असे ठेवलेले होते. ऑक्टोबर २०११ मध्ये अशा सुमारे २८० मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या दिवशी कोणावर आरोप करावा लागला नाही. एक शब्द काढून दुसरा ठेवला गेला आणि नको असण्याची गोष्ट सगळ्या जिल्ह्यासमोर उघडी पडली. बारसे, हळदीकुंकू, ग्रामसभा, कीर्तन ही आपल्याकडची तयार व्यासपीठे आहेत. तिथे वाचायचा मजकूर छापील पत्रकाहून आखूड आणि बोलीच्या जवळचा असावा.

छापण्यापूर्वी कच्चा मजकूर गावातल्या दोघीतिघींना वाचून दाखवावा, शक्यतो एखादी गरोदर बाई आणि एखादी सासू त्यात असावी. ‘आवडले का?’ असे विचारू नये, कारण पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. ‘हा कागद कोणाची चूक आहे असे म्हणतोय?’ आणि ‘हा तुम्हाला काय करायला सांगतोय?’ एवढेच विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘आईची’ असे आले, तर छपाई थांबवून पुन्हा दुसऱ्या पायरीपासून लिहायला घ्यावे.