बीसी ५४७ च्या जागी दुसरा ट्रान्झिस्टर लावताना

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना पुण्याच्या तपकीर गल्लीत बीसी ५४७ घ्यायला गेलो. तो संपला होता, म्हणून २एन३९०४ घेतला. दोन्ही एनपीएन, दोन्ही काळे, अर्धगोल, तीन पायांचे: बेसच्या पायाला थोडा करंट दिला की कलेक्टरकडून एमिटरकडे मोठा करंट वाहतो. सर्किटही साधंच होतं: १२ व्होल्टचा अडॅप्टर, ४०० ओहम कॉइलचा छोटा रिले (कॉइलमध्ये करंट आला की ओढला जाणारा स्विच), एक पुश बटण, बेसला १ किलोओहमचा रेझिस्टर आणि कॉइलवर उलटा डायोड. बटण दाबलं की रिले ओढला जायचा, सोडलं की सुटायचा.

नवा ट्रान्झिस्टर जुन्याच्याच भोकांत, सपाट बाजू त्याच दिशेला ठेवून बसवला. बटण दाबलं, टक्. सोडलं, तर रिले सुटेचना. अडॅप्टर काढला की सुटायचा.

दोन संध्याकाळी मी बटणावर आणि रिलेवर संशय घेण्यात घालवल्या. मग बटण मोकळं ठेवून ट्रान्झिस्टरवर मल्टिमीटर लावला. तिथे १२ व्होल्ट दिसायला हवे होते, दिसले आठच्या आसपास. उरलेले चार कॉइलवर होते. असा रिले ओढायला साधारण नऊ व्होल्ट लागतात, पण एकदा ओढला गेला की त्याहून पुष्कळ कमी व्होल्टेजवरही धरून राहतो.

कारण पायांमध्ये होतं. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन३९०४ चे येतात एमिटर, बेस, कलेक्टर. माझा ट्रान्झिस्टर उलटा बसला होता. नवशिक्यांनी हे नीट समजून घ्यावं, कारण उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण बंद पडत नाही. गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट वाहतो ते प्रमाण, फार कमी होतो, तरी तो थोडाफार चालतो. एमिटर-बेस जंक्शन मात्र उलट दिशेने पाच-सहा व्होल्टच सोसण्यासाठी केलेलं असतं. तिथे १२ व्होल्ट आले की ते फुटतं आणि बटण न दाबताही करंट वाहत राहतो. असा वापरलेला ट्रान्झिस्टर नंतर सरळ बसवला तरी त्याचा गेन घटलेला असू शकतो. मी तो टाकून दिला, तुम्हीही टाका.

डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, बघताना नावातलं प्रत्येक अक्षर वाचा. पीएन२२२२ आणि पी२एन२२२२ यांचे पाय एकमेकांच्या उलट आहेत. बीडी १३९ मध्ये तर मधला पाय कलेक्टरचा असतो. डेटाशीट हाताशी नसेल तर मल्टिमीटर डायोडच्या रेंजवर ठेवा, लाल प्रोब बेसवर धरा आणि काळा आळीपाळीने उरलेल्या दोन पायांना लावा. किंचित जास्त आकडा येतो तो एमिटर. फरक दोन-चार मिलिव्होल्टचाच असतो, म्हणून हात स्थिर ठेवून दोनदा मोजा.

पाय जुळले की करंट. ४०० ओहमच्या कॉइलला १२ व्होल्टवर ३० मिलिअँपिअर लागतात. बीसी ५४७ ची मर्यादा १०० आहे, २एन३९०४ ची २००, बीसी ३३७ ची ८००. स्विचिंगसाठी माझी पसंती बीसी ३३७ ला आहे, कारण त्याचे पाय ५४७ सारखेच येतात आणि छोटी मोटर किंवा पंखा लावला तरी तो तग धरतो. बीसी ५५७ मात्र पीएनपी, म्हणजे उलट दिशेच्या करंटवर चालणारा आहे, तो इथे चालणार नाही.

बेसला कॉइलच्या करंटचा दहावा हिस्सा द्या, गेन कितीही लिहिलेला असो. इथे ३ मिलिअँपिअर, म्हणजे १२ व्होल्टवरून ३.३ किलोओहम पुरतो. ५ व्होल्टचा सिग्नल असेल तर १.२ किलोओहम. मोठा लोड असेल तर हा हिशोब पुन्हा करावा लागतो. ट्रान्झिस्टर मोठा लावला आणि बेसचा रेझिस्टर तोच ठेवला, तर तो अर्धवट उघडतो आणि तापतो.

सोल्डर करण्याआधी ब्रेडबोर्डवर बटण दाबून धरा आणि कलेक्टर-एमिटरमधले व्होल्ट मोजा. ०.२ च्या आसपास असतील तर ट्रान्झिस्टर पूर्ण उघडला आहे. एक-दीड व्होल्ट दिसले तर आधी पाय पुन्हा तपासा, मग बेसचा रेझिस्टर कमी करा.